गप्प बसायची बैठक

तोक्योत आपली भारतीय माणसं दाटीनं राहतात त्या निशी-कसाईतल्या आईबापांचे फोन मे महिन्यात सुरू होतात. ते मला येतात, कारण मी नीलिमा तानाबे, माहेरची पुण्याची, नवरा जपानी, आणि तोक्योतल्या क्वेकर मंडळींच्या एका छोट्या सेवाकेंद्राचं ऑफिस मी सांभाळते. केंद्र दर उन्हाळ्यात इंटर्न घेतं. नदीकाठी निळ्या ताडपत्रीखाली राहणाऱ्या बेघर माणसांना जेवण नेऊन द्यायचं, व्हिसा संपला म्हणून कोठडीत ठेवलेल्या परदेशी लोकांना भेटून यायचं, अशी कामं असतात. पगार नाही. ट्रेनचं भाडं मिळतं आणि दुपारी ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका मिळतो.

असल्या कामासाठी कोणी धडपडेल असं मला पूर्वी वाटत नसे. पण दोन हजार सालानंतर आपले कॉम्प्युटरवाले इथे लोंढ्यानं आले, त्यातल्या पहिल्यावहिल्यांची पोरं अकरावी-बारावीत पोचली, आणि कुठल्या तरी काउन्सेलरनं त्यांच्या कानात सांगितलं की अमेरिकेतल्या कॉलेजांना नुसते मार्क पुरत नाहीत, मुलगा दयाळूही असावा लागतो. झालं. दयेचं सर्टिफिकेट कुठे मिळतं याचा शोध लागला आणि माझा नंबर भिशीतून भिशीत फिरायला लागला.

फोनवरचे प्रश्न मी आता तोंडपाठ म्हणून दाखवू शकते. "ताई, सहा आठवडे जरा जास्त होतात हो, आम्ही मधले तीन आठवडे इंडियाला जाणार. सर्टिफिकेट मात्र सहाचंच द्याल ना?" "त्या बेघर लोकांच्या अगदी जवळ जावं लागतं का? ईश्वरीला धुळीची अ‍ॅलर्जी आहे." "फोटो काढू देतात ना?" एका बाईंनी तर विचारलं की तिथे इंग्लिश बोलणारा एखादा गरीब मिळेल का, म्हणजे मुलीला निबंधात त्याच्याशी झालेलं बोलणं घालता येईल. मी म्हटलं, चौकशी करून सांगते. त्यांना ते खरंच वाटलं. दोन दिवसांनी त्यांचा परत फोन आला.

सगळ्यांना मी शेवटी एकच सांगते, की निवड मी करत नाही, बैठक करते, तुम्ही येऊन बसा. बैठक म्हणजे काय हे सांगितलं की निम्मे लोक आपोआप गळतात.

क्वेकर हे ख्रिस्तीच, पण इथल्या मंडळींकडे पाद्री नाही, वेदी नाही, गाणी नाहीत. गोल खुर्च्या मांडून गप्प बसायचं, आणि ज्याला आतून काही सांगावंसं वाटेल त्यानं तेवढं बोलून परत गप्प बसायचं, एवढीच त्यांची प्रार्थना. कामकाजही असंच चालतं. मतदान कधीच घेत नाहीत. खोलीत जेवढी माणसं बसली असतील त्या सगळ्यांना पटलं तर गोष्ट झाली, एकाला जरी पटली नाही तरी नाही झाली. मग तो एकजण पाहुणा असो नाहीतर वाट चुकून आत आलेला असो, बसलेला आहे ना, मग त्याचंही धरायचं. इंटर्न व्हायला आलेले उमेदवारसुद्धा त्याच गोलात बसतात.

ऐकायला छान वाटतं. मी इतकी वर्षं पाहतेय, मला विचारा. चहाची किटली बदलायची की नाही यावर ह्या लोकांनी एक सबंध हिवाळा घालवला, कारण एका आजोबांना जुन्या किटलीबद्दल आतून काहीतरी वाटत होतं. माणसं सज्जन आहेत, पण सज्जनपणाचासुद्धा वीट येतो. मी पगारी बाई. दुभाषी म्हणून दाराजवळच्या खुर्चीवर बसायचं, इकडचं बोलणं तिकडे करायचं आणि बैठक संपल्यावर कप विसळायचे. स्वतःहून मी तिथे कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

दोन हजार सात सालच्या उन्हाळ्यात एकच जागा होती आणि ती जरा निराळी होती. कोठडीत हिंदी, उर्दू, बंगाली बोलणारे लोक वाढले होते. त्यांच्याशी हिंदीत धड बोलू शकेल असं माणूस हवं होतं, आणि उन्हाळ्यात काम जमलं तर पुढे पगारावर ठेवायचं असं बैठकीनं आधीच ठरवून टाकलं होतं. वयाची अट नव्हती. आदल्या वर्षीचे आमचे इंटर्न निवृत्त पोस्टमन होते.

सुचेता फोन वगैरे न करता थेट सायकलवर आली, निशी-कसाईहून नदीवरचा तो लांबलचक पूल ओलांडून. वय छत्तीसच्या आसपास, उन्हानं चेहरा लाल झालेला. बसल्या बसल्या तिनं पहिला प्रश्न विचारला, "ताई, कोठडीत भेटताना मध्ये काच असते का?"

"असते. का गं?"

"काच असली की लोक मोठ्यानं बोलतात. आणि मोठ्यानं बोलायला लागलं की जे सांगायचंय ते सांगत नाहीत. मग पहिल्या भेटीत काही विचारायचंच नाही. जेवलात का, झोप लागते का, एवढंच."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. पुण्यात ती कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक होती. घटस्फोटाला आलेली जोडपी समोर बसवून त्यांना बोलतं करायचं हे तिचं काम, आणि ती ते नऊ वर्षं करत होती. मग नवऱ्याला, श्रीधरला, कंपनीनं जपानला पाठवलं. हिनं नोकरी सोडली, लहानग्या अनयाला काखोटीला मारलं आणि नवऱ्याच्या व्हिसावर इथे आली. त्याला चार वर्षं झाली होती. तेवढ्यात ती जपानी शिकली होती, अडखळत का होईना.

"इथे मला लोक फक्त पोळ्या मऊ कशा होतात ते विचारतात," ती म्हणाली. "परवा एका पार्टीत मी कोर्टातलं काहीतरी सांगायला लागले, तर श्रीधर म्हणाला, हिला जुनं उगाळायची सवय आहे. सगळे हसले. मीपण हसले. घरी आल्यावर मला स्वतःचाच इतका राग आला ना!" आणि मग म्हणाली, "ताई, ही जागा नाही मिळाली तर मी परत कुठे काही मागायला जाणार नाही. मला माहितीये माझं. मागायची हिंमत एवढीच उरलीये."

मला ही बाई आवडली. मला माणसं सहसा आवडत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतेय.

चारच दिवसांनी अंबरीष यांचा फोन आला. हे एका सॉफ्टवेअर कंपनीचे जपानचे प्रमुख. ह्यांच्या हाताखाली चाळीसेक इंजिनियर तोक्योशेजारच्या कावासाकी शहरात एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत बसतात, आणि ह्यांना वाटतं की जपान आपल्याच जिवावर चाललंय. मुलगा रुचिर सतरा वर्षांचा.

"नीलिमाताई, रुचिर हा बॉर्न लीडर आहे," ते म्हणाले. "त्याला तुमचा तो डिटेन्शन सेंटरवाला रोल द्या. बेघर वगैरे सगळेच करतात हो. डिटेन्शन जरा युनिक वाटतं."

"त्या जागेला आणखी एक अर्ज आलाय."

"माहितीये. आमच्या श्रीधरची मिसेस. ती काही सीरियस नाहीये, टाइमपास म्हणून करतेय. ते मी बघतो."

आमच्या श्रीधरची मिसेस. तेव्हा मला उलगडा झाला, की सुचेताचा नवरा ह्याच माणसाच्या हाताखाली आहे. आणि 'ते मी बघतो' हे असल्या माणसाच्या तोंडून आलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

त्यांनी बघितलंच. संध्याकाळी सुचेताचा फोन आला, आवाज अगदी बारीक. श्रीधर घरी येऊन चांगलं बोलला म्हणे. ओरडला नाही की काही नाही. ऑक्टोबरमध्ये त्याचं इथलं पोस्टिंग वाढवायचं की परत पाठवायचं हे ठरणार होतं, आणि ठरवणारे अंबरीषच होते. तेव्हा सुचेतानं दुसरं काही करावं, असं त्याला वाटत होतं.

"दुसरं म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणाला, ओरिगामीचा क्लास वगैरे लाव."

तोंडावर आलेले शब्द मी गिळले. म्हटलं, "तू शनिवारी ये. बाकी कोणाला काय करायचंय ते करू दे, तू येऊन बस."

शनिवारी दुपारी बैठक होती. जूनचा दमट उकाडा आणि आमच्याकडे एसी नाही, कारण त्यावर अजून एकमत झालेलं नाही. दहाबारा जपानी म्हातारी मंडळी आधीच डोळे मिटून बसली होती. बैठक चालवणाऱ्या हिराबायाशी-सान, सत्तरी ओलांडलेल्या, एकेकाळच्या गणिताच्या शिक्षिका, पाठ ताठ ठेवून मांडीवर हात घेऊन बसल्या होत्या. बूट दाराच्या आतल्या पायरीशी काढायचे, आणि ते दार खोलीच्या अगदी समोर, मध्ये पडदासुद्धा नाही. त्यामुळे येणारा प्रत्येकजण बूट कसा काढतो हे मला खुर्चीवरून दिसतं, आणि त्यावरून माणूस बराचसा कळतो.

अंबरीष यांनी बूट उभ्याउभ्याच झटकले. श्रीधरनं वाकून आधी त्यांचे बूट दाराकडे तोंड करून नीट लावले, मग स्वतःच्या बुटांचे बंद सोडले. श्रीधर म्हणजे उंचापुरा, देखणा माणूस. बायकोला तो वाईट वागवत असेल असं कोणालाही वाटणार नाही, आणि तो तसं वागवतही नव्हता. तो तिला वागवतच नव्हता. रुचिर कानातली वायर न काढता आत आला. सगळ्यात शेवटी सुचेता आली, साधा पंजाबी ड्रेस घालून, आणि श्रीधरच्या शेजारी बसली, कारण त्यानं शेजारची खुर्ची तिच्यासाठी धरून ठेवली होती.

हिराबायाशी-सान म्हणाल्या, "बसू या." आणि सगळे गप्प झाले.

पाचेक मिनिटांनी अंबरीष यांनी मुलाला कोपर मारलं. रुचिरनं उठून इंग्लिशमध्ये पाठ केलेलं भाषण म्हटलं. त्यात जागतिक नागरिकत्व होतं, करुणा होती, लहानपणी पुण्याच्या सिग्नलवर पाहिलेला एक भिकारी होता. मी त्याचं जपानी केलं. म्हाताऱ्यांनी माना लववल्या आणि परत डोळे मिटले. कोणीच काही बोललं नाही.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. जपानला येणाऱ्या आपल्या साहेब लोकांना कंपनी एक दोन दिवसांचा कोर्स देते, जपानी माणसाशी धंदा कसा करावा म्हणून. त्यात शिकवतात, की वाटाघाटीत जपानी माणूस गप्प बसला तर समजायचं, त्याला तुमचा भाव पसंत नाही. तोंडानं तो नाही म्हणणार नाही. तुम्हीच काहीतरी वाढवून द्यायचं. अंबरीष हा कोर्स दोनदा करून आले होते, आणि नंतर दुसऱ्यांना शिकवतही होते.

त्यांनी पाच मिनिटं वाट पाहिली. घसा खाकरला. "आमची कंपनी तुम्हाला एक वेबसाइट करून देईल," ते म्हणाले. "फ्री ऑफ कॉस्ट."

मी जपानी केलं. शांतता.

"वेबसाइट प्लस डेस्कटॉप्स. आमच्याकडे रिप्लेसमेंटचे पडलेत. उत्तम कंडिशन."

शांतता. एका आजींनी रुमालानं मान पुसली. अंबरीष यांनी ती हालचाल टिपली आणि माझ्याकडे झुकून म्हणाले, "एसीचं सांगा. दोन स्प्लिट एसी, इन्स्टॉलेशनसकट." मी सांगितलं. अगदी मन लावून, एकही शब्द न गाळता सांगितलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत भाषांतर करताना मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. समोर सगळे आपले डोळे मिटून बसलेले, आणि हा माणूस एकटाच घाम पुसत वर वर चढत होता. एसीनंतर चाळीस इंजिनियर आले, महिन्यातला एक शनिवार, कंपल्सरी. श्रीधरनं लगेच मान डोलावली. मग बेघर लोकांचा डेटाबेस आला. प्रत्येक बेघराला एक आयडी नंबर, कोण कुठल्या पुलाखाली झोपतो हे एका क्लिकवर.

तेव्हा किटलीवाले आजोबा हळूहळू उठून उभे राहिले. अंबरीष सावरून बसले. आजोबा म्हणाले, "युद्ध संपलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. कोणीतरी परक्या माणसानं आम्हाला दुधाची पावडर दिली होती. ती चव मला आज आठवली." आणि खाली बसले.

मी ते मराठीत सांगितलं. अंबरीष यांचा चेहरा उजळला. शेवटी समोरचा पक्ष बोलला होता! ते माझ्या कानाशी पुटपुटले, "मिल्क पावडर ना? किती किलो पाहिजे विचारा. अरेंज करू."

एवढं मात्र मी जपानीत सांगितलं नाही. आजोबांसाठी नाही सांगितलं.

हिराबायाशी-सान यांनी डोळे उघडले, तसे बाकीच्यांनीही उघडले, आणि त्या सुचेताकडे वळल्या. "सुचेता-सान, तुम्हाला काही सांगावंसं वाटतं का?"

सुचेताची बोटं मांडीवर ओढणीशी चाळा करत होती. घरून ती जपानीत चार वाक्यं तयार करून आली होती, मला माहीत होतं, कारण तीच वाक्यं आदल्या दिवशी तिनं मला फोनवर म्हणून दाखवली होती. तिनं तोंड उघडलं. श्रीधर हलला नाही, काही बोलला नाही, फक्त त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलं आणि तिथेच राहिलं.

ती मराठीत बोलली, माझ्याकडे न बघता. "मी माझं नाव मागे घेते. रुचिरला द्या. त्याच्या करिअरचा प्रश्न आहे."

"सो स्वीट ऑफ यू, सुचेता," अंबरीष म्हणाले.

मला ते जपानीत सांगावं लागलं. सांगितलं. हिराबायाशी-सान यांनी सुचेताकडे पाहिलं आणि सगळ्यांना विचारलं, "हे पटतं आहे का?" एकेक पांढरी मान हळूच हलायला लागली. ह्या लोकांना ते कोपर दिसलं नव्हतं का? चांगलं दिसलं होतं, सगळे समोरच तर बसले होते. पण दुसऱ्याच्या आतल्या आवाजाचा मान राखायचा म्हणून सगळे मूग गिळून बसले. नवऱ्याचं कोपर हा कुठला आतला आवाज? त्या क्षणी मला अंबरीषपेक्षा ह्या म्हाताऱ्यांचा राग जास्त आला. अंबरीष निदान मागत तरी होता. हे नुसते चांगले होते.

"मला पटत नाही," मी म्हणाले.

जपानीत म्हणाले, मग इंग्लिशमध्ये, मग मराठीत, कोणाला शंका राहू नये म्हणून.

खोलीतले सगळे डोळे माझ्याकडे वळले. अंबरीष हसत म्हणाले, "ताई, तुम्ही स्टाफ आहात."

"हो. आणि बसलेली आहे."

हिराबायाशी-सान म्हणाल्या, "नीलिमा-सान, का पटत नाही ते सांगाल?"

"सांगायलाच हवं का?"

"नाही."

"मग नाही सांगत." सांगितलं असतं तर सुचेताला सगळ्यांसमोर नवऱ्याची बाजू घ्यावी लागली असती, आणि ती तिनं घेतली असती.

"ठीक आहे," हिराबायाशी-सान म्हणाल्या. मला तर वाटलं त्यांच्या तोंडावर किंचित हसू आलं. "तर मग बसू या."

आणि आम्ही बसलो. अंबरीष यांना आधी वाटलं ही पाच मिनिटांची गोष्ट आहे. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. मग रुचिरला सगळ्यांसमोर बोलायला लावलं, "टेल देम हाऊ मच यू वॉन्ट इट." रुचिर म्हणाला, "दोच्चि देमो ई." म्हणजे काहीही चालेल. तीन भाषा येतात त्या पोराला, आणि तिन्हीत त्याला सगळं चालतं. श्रीधर खाली जमिनीकडे पाहत होता. सुचेता रडत नव्हती, पण तिचं नाक लाल झालं होतं. उकाडा वाढत चालला.

अर्धाएक तास गेला असेल. अंबरीष यांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी तो तिथेच बसून घेतला. आमच्या खोलीत आजवर कोणी फोन घेतला नव्हता. कावासाकीला काहीतरी बंद पडलं होतं आणि तिथले जपानी साहेब खोळंबले होते. फोन ठेवून ते उठले. "लेट्स गो. हे लोक आपल्याला दमवतायत, क्लासिक टॅक्टिक आहे. मेलवर क्लोज करू. रुचिर, ऊठ. श्रीधर, तुझी टीम आहे ना रे ती? चल, टॅक्सीत बोलू."

श्रीधर ताडकन उठला. बायकोला म्हणाला, "चल."

सुचेता बसलेलीच राहिली. तिनं वर पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तू हो पुढे."

मला नाही वाटत श्रीधरला ते नीट कळलं. लग्नाच्या जेवणातून निघताना, भाजी घेताना, देवळात, बायका म्हणतात तसंच ते वाक्य होतं. त्यानं मान हलवली आणि तो साहेबांच्या मागोमाग गेला. अंबरीष आणि रुचिर बुटात पाय कोंबून रस्त्यावर गेलेसुद्धा. श्रीधर पायरीवर बसून बंद बांधायला लागला.

हिराबायाशी-सान यांनी विचारलं, "सुचेता-सान, तुम्हाला हे काम खरंच नको आहे का?"

ह्या वेळी सुचेता जपानीत बोलली. पाठ केलेली चार वाक्यं ती विसरली होती. क्रियापदं चुकली, मधेच एक मराठी शब्द घुसला, पण कोणाला काही विचारावं लागलं नाही. "हवं आहे. मघाशी मी खोटं बोलले. मला ते काम येतं. मला ते परत करायचं आहे."

"हे सगळ्यांना पटतं आहे का?"

माना हलल्या. "मला पटतं," मी म्हणाले.

"वन मिनिट!" श्रीधर दारातून म्हणाला. एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा, तो अर्धवट उभा राहिला होता. पायरीशी बसून त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर खराखुरा राग होता. मी त्याला पाहिल्यापासून प्रथमच त्याच्या चेहऱ्यावर स्वतःचं असं काहीतरी दिसलं. "मला हे मान्य नाही. ती माझी बायको आहे. आय डोन्ट अग्री."

मी भाषांतर केलं. करावंच लागलं. आता काय होणार हे मला ठाऊक होतं. हिराबायाशी-सान उठून दारापर्यंत गेल्या आणि त्याच्यासमोर कमरेत वाकल्या.

"श्रीधर-सान, आत या. बसा. तुम्हाला पटत नसेल तर आम्ही हे आज ठरवणार नाही. तुमचं म्हणणं पूर्ण ऐकू. कितीही वेळ लागला तरी बसू."

त्यांनी त्याची रिकामी खुर्ची हातानं दाखवली. त्या अगदी मनापासून बोलत होत्या, तेच तर वाईट होतं. तो माणूस आत येऊन नुसता बसला असता ना, तर सगळं तिथेच थांबलं असतं. आज, उद्या, पुढच्या महिन्यात, त्याला पटेपर्यंत. त्याला वाद घालायचा नव्हता, काही द्यायचं नव्हतं. बूट काढून बसायचं होतं फक्त.

रस्त्यावरून हाक आली, "श्रीधर!"

श्रीधरनं मागे पाहिलं. टॅक्सीचं दार उघडं होतं आणि अंबरीष मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत होते. त्यानं खोलीत पाहिलं. सुचेता त्याच्याकडे पाहत होती. ती विनवत नव्हती की धमकावत नव्हती. कोर्टात ती समोरच्या जोडप्यांकडे अशीच पाहत असणार, माणूस आता काय बोलतो याची वाट पाहत.

"श्रीधर! येतोयस ना?"

"आलो सर, आलो." तो खाली वाकला आणि त्यानं दुसरा बूट चढवला. बंद बांधायलासुद्धा थांबला नाही. जाता जाता वळून म्हणाला, "सुचेता, घरी बोलू आपण."

टॅक्सी गेली. हिराबायाशी-सान परत येऊन आपल्या जागी बसल्या आणि म्हणाल्या, की बैठकीत जे बसले आहेत त्या सगळ्यांना पटलं आहे, तेव्हा जागा सुचेता-सानची. म्हाताऱ्यांनी तिच्यापुढे माना लववल्या. किटलीवाल्या आजोबांनी तर चक्क टाळ्या वाजवल्या, तीन-चार, आणि मग ओशाळून थांबले.

मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. मी उठून सुचेताजवळ गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "मिळाली गं! बघ, मिळाली तुला."

"हो," ती म्हणाली. ती अजून त्या उघड्या दाराकडेच पाहत होती. "पण ताई, निदान नाही म्हणायला तरी थांबायचं ना हो त्यानं."